लाकूडकामाच्या यंत्रांची जुळवणी

टेबल सॉ (टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याची करवत), रंधा यंत्र, पट्टा करवत, भोके पाडण्याचे यंत्र अशा यंत्रांतील पाते, टेबल, आधारखाच व फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) यांची परस्पर समांतरता आणि काटकोन मोजून ते ठरलेल्या मर्यादेत आणण्याची प्रक्रिया. कारखान्यांत तिला ‘सेटिंग’ किंवा ‘अलाइनमेंट’ म्हणतात. कापाची अचूकता पात्याच्या धारेवर जितकी अवलंबून असते तितकीच ती या जुळवणीवर असते. जुळवणी बिघडलेल्या यंत्रावर नवे कार्बाइड पातेसुद्धा लाकूड जाळते, कापलेल्या कडेवर दात्यांचे चंद्राकार ओरखडे उठवते आणि प्रसंगी लाकूड उलटे कारागिराच्या अंगावर फेकते. कोल्हापुरात हा विषय फर्निचरपुरता मर्यादित नाही. तेथील ओतशाळांना लागणारे लाकडी पॅटर्न (साच्यात ओतीव वस्तूचा ठसा उमटविणारे नमुने) व कोअर बॉक्स (ओतीव वस्तूतील पोकळीसाठी वाळूचा गाभा घडविणाऱ्या पेट्या) तयार करताना कापातील लहानशी चूक थेट लोखंडात उतरते.

ज्या यंत्राभोवती हा सारा विषय फिरतो त्या गोल करवतीचा उगम वादग्रस्त आहे. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये मिळालेले पेटंट हा बहुतेक संदर्भग्रंथांनी दिलेला सर्वांत जुना लेखी पुरावा होय. मात्र ते पेटंट मुख्यतः वाऱ्यावर चालणाऱ्या करवत-यंत्राचे होते. त्यात गोल पात्याचा उल्लेख सहज, जणू ते आधीपासून ठाऊक असल्यासारखा येतो. यावरून मिलर यांना जनक मानण्यास अनेक अभ्यासक तयार नाहीत. त्याच शहरात जहाजांच्या कप्प्या बनविणारे वॉल्टर टेलर हे गोल पाते त्याआधीच वापरीत असावेत, असे मत मांडले जाते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील हॉलंडचाही दावा सांगितला जातो, पण त्याला भक्कम कागदोपत्री आधार नाही. अमेरिकेत हे श्रेय मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड येथील शेकर या ख्रिस्ती पंथातील टॅबिथा बॅबिट यांना देण्याची प्रथा आहे (सु. १८१०). दोघांनी ओढायच्या करवतीचा निम्मा फेरा वाया जातो हे पाहून त्यांनी दाते पाडलेली पत्र्याची चकती सूतकताईच्या चरख्याला जोडली, अशी कथा आहे. शेकर लोक पेटंट घेणे टाळीत, त्यामुळे तिला समकालीन पुरावा मिळत नाही; शिवाय पंथातील इतर कारागिरांच्या नावेही हाच शोध सांगितला जातो. इंग्लंडमधील पुरावे तीसहून अधिक वर्षे जुने असल्याने बॅबिट यांचे काम फार तर स्वतंत्रपणे लागलेला अमेरिकेतील शोध ठरते. गोल करवत एकाहून अधिक ठिकाणी, जहाजबांधणीच्या गरजेतून हळूहळू घडत गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सॅम्युएल बेंथॅम यांचे १७९३ चे पेटंट आणि त्यानंतर पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली व हेन्री मॉड्स्ले यांनी घडविलेली कप्पी-यंत्रे या विकासाचे पुढचे टप्पे होत.

सरकते टेबल असलेल्या करवतीचे श्रेय जर्मनीतील विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांना देतात व तिचा काळ सामान्यतः १९०६ मानला जातो. टेबल आडवे ठेवून पातेच तिरपे करण्याची रचना अमेरिकेत १९३९ च्या सुमारास आलेल्या डेल्टा कंपनीच्या युनिसॉमुळे रूढ झाली. जुळवणीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा ठरला. टेबल तिरपे होत असे तेव्हा तपासायचा कोन एकच होता. पाते तिरपे होऊ लागल्यावर ४५ अंशांवर समांतरता टिकते का, हा वेगळा प्रश्न उभा राहिला.

अचूक सपाट पृष्ठभाग मिळविण्याची विद्या मात्र लाकूडकामातली नव्हे. तीन पृष्ठे आळीपाळीने एकमेकांवर घासून व खरवडून तिन्ही सपाट करण्याची रीत जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये मांडली. ती मूळची कोणाची यावर मतभेद असून मॉड्स्ले यांच्या कारखान्यात ती आधीच वापरात होती, असे मानण्याकडे कल आहे. लाकूडकामाच्या यंत्राचे ओतीव टेबल आजही याच परंपरेतून येते.

कोल्हापुरात लोखंड आणि लाकूड ही दोन कामे पूर्वीपासून शेजारी वाढली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) उद्योगांना मिळालेले उत्तेजन, उसाचे चरक व गुळाचा धंदा, पुढे शेतीसाठी लागलेली ऑइल इंजिने आणि शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळा यांतून विसाव्या शतकात येथे ओतकामाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. नंतर तो शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत पसरला. या वाढीत पॅटर्न करणाऱ्या सुताराचा वाटा मोठा आहे, तरी त्याच्याविषयी लिहिले गेलेले फारच थोडे सापडते. इंजिन घडविणाऱ्यांची नावे नोंदली गेली, पॅटर्नवाल्यांची नाहीत. दोन्ही हुन्नर एका घरात असण्याचे ठळक उदाहरण बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचे आहे. मूळ आडनाव मेस्त्री असलेल्या या घराण्यात सुतारकाम आणि मूर्तिकाम चालत असे, आणि बाबूरावांनी कोल्हापुरातच चलच्चित्रणाचा कॅमेरा तयार केला.

पॅटर्नकामाला अचूकता किती लागते हे एका उदाहरणावरून कळेल. राखाडी बीड गोठून थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न दर मीटरला साधारण १० मिमी मोठा करतात; साच्यातून तो सुटावा यासाठी बाजूंना एक ते दोन अंशांचा उतार देतात. पुलीचा किंवा फ्लायव्हीलचा पॅटर्न अखंड फळीतून न कापता सागवानाचे तुकडे जोडून कडे करतात, म्हणजे रेषांची दिशा सगळीकडे सारखी राहते आणि कडे वाकत नाही. सहा तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक टोक ३० अंशांत कापावे लागते, म्हणजे एकूण बारा काप. प्रत्येक काप केवळ ०.१ अंशाने चुकला तर चूक साठत १.२ अंशांवर जाते आणि १५० मिमी त्रिज्येवर शेवटच्या सांध्यात सुमारे ३.१ मिमीची फट पडते. ही फट जवळजवळ एक सूत (इंचाचा आठवा भाग) भरते. घरबांधणीतला सुतार एक सूत चालवून घेतो, पॅटर्नवाल्याला ते चालत नाही. लगतच्या यंत्रशाळेतला डायल गेज (सूक्ष्म फरक दाखविणारे घड्याळी मापक) कोल्हापुरात पॅटर्नशाळेत सहज आला, त्यामागे हीच गरज असावी.

टेबल सॉची जुळवणी ठरावीक क्रमाने करावी लागते. क्रम मोडला तर पुढची दुरुस्ती मागची बिघडविते. वीजजोड काढल्यावर प्रथम टेबलाचा सपाटपणा सरळ पट्टी व फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या संचाने) तपासतात. पात्याभोवतीचा भाग सपाट असणे सर्वांत गरजेचे असते. दूरच्या कोपऱ्यातील अल्प उतार कामात आड येत नाही. नव्या ओतीव टेबलात राहिलेला अंतर्गत ताण काही महिन्यांनी पृष्ठभाग वाकवू शकतो. म्हणून जुने जाणकार ओतीव भाग कच्चे यंत्रण झाल्यावर काही काळ तसेच ठेवून मगच अखेरचे यंत्रण करीत.

त्यानंतर पात्याचा दांडा, म्हणजे आर्बर, पाहतात. पाते काढून डायल गेजचे टोक फ्लॅन्जच्या (पाते ज्यावर टेकते त्या चकतीच्या) कडेला लावतात व दांडा हाताने सावकाश फिरवतात. येथील चूक परिघाकडे वाढत जाते : ५० मिमी व्यासाच्या फ्लॅन्जच्या कडेला ०.०२ मिमी हेलकावा असेल, तर २५० मिमी व्यासाच्या पात्याच्या कडेला तो ०.१ मिमी होतो आणि काप तेवढा रुंद व खडबडीत पडतो. हेलकाव्याचे कारण पुष्कळदा फ्लॅन्जवर बसलेला भुसा, राळ किंवा एखादा बारीक टोचा असते. तेवढे साफ करून पुन्हा मोजल्याशिवाय बेअरिंग बदलू नये.

यापुढचा टप्पा जुळवणीचा गाभा आहे. टेबलात कोरलेली आधारखाच, म्हणजे मायटर खाच, हलविता येत नाही, म्हणून तीच सर्व मोजणीचा आधार धरतात. पाते पूर्ण वर घेऊन एका दात्यावर खूण करतात, डायल गेज खाचेत बसणाऱ्या पट्टीवर घट्ट बांधतात आणि खुणेचा दाता पुढे असताना माप घेतात. मग पाते फिरवून तोच दाता मागे आणतात, गेज मागे सरकवतात व पुन्हा मोजतात. दोन्ही वेळा एकच दाता मोजल्याने पात्याचा स्वतःचा वाकडेपणा हिशेबातून निघून जातो. दोन मापांतील फरक ०.०५ मिमीच्या आत आणणे चांगले, ०.१ मिमीपर्यंत सामान्य कामाला चालतो. दुरुस्तीची रीत यंत्राच्या बांधणीवर ठरते. पात्याचे आधार (ट्रनियन) पेटीला जोडलेले असतील तर टेबलाचे बोल्ट सैल करून टेबल सरकवतात. ते टेबलाच्या पोटाला जोडलेले असतील तर आधारच हलवावे लागतात, आणि ते काम अडचणीचे असते. लहान कारखान्यांतील एकत्रित यंत्रांत रंध्याच्याच दांड्याच्या टोकाला करवत बसविलेली असते. दांडा हलविला तर रंधा बिघडतो, त्यामुळे तेथे टेबल सरकविणे हाच मार्ग उरतो. पाते ४५ अंशांवर नेऊन मोजणी पुन्हा करावी. तेथे फरक दिसला आणि सरळ पात्यावर दिसला नाही, तर पुढचा व मागचा आधार एका उंचीवर नाहीत असे समजून खाली पितळी पत्र्याची शिम घालतात.

फेन्स पात्याला पूर्ण समांतर असावी की तिचे मागचे टोक किंचित दूर असावे, याबाबत दोन मते आहेत. दूर ठेवणारे ०.०५ ते ०.१ मिमीची मोकळीक सुचवतात. पात्याचे मागचे दाते वर चढत असतात. लाकूड तेथे फेन्स आणि पात्यामध्ये दाबले गेले तर ते उचलले जाऊन कारागिराकडे फेकले जाते, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. २५४ मिमीचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर दात्याचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर असतो, यावरून त्या फेकीचा जोर लक्षात यावा. तरीही पूर्ण समांतरतेचे मत अधिक पटणारे आहे. एका बाजूला दिलेली मोकळीक फेन्स पात्याच्या दुसऱ्या बाजूला नेली की आवळणारी होते. फेन्स पात्याकडे कधीही आवळू नये, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे. कापताना उमलणाऱ्या लाकडासाठी पात्याच्या मध्यापर्यंतच पोचणारी आखूड फेन्स हा उत्तम उपाय होय.

पात्यामागील दुभाजक पट्टी (राइव्हिंग नाइफ) पात्याच्या रेषेत, दात्यांपासून ३ ते ८ मिमी अंतरावर ठेवतात. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून जास्त व कापाच्या रुंदीहून कमी हवी. ही पट्टी काढून टाकण्याची सवय सर्वत्र दिसते आणि ती अत्यंत घातक आहे. हाती कटर लाकडी टेबलाखाली उलटा बसवून केलेल्या घरगुती करवतीत तर ती नसतेच. अशा करवतीत आधारखाचही नसते, सुतार फेन्सचे अंतर पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दात्याशी पट्टीने मोजतो. प्लायवुडच्या सरळ पट्ट्यांसाठी त्या मापाने भागते; बोटांच्या सुरक्षिततेचा प्रश्न तसाच राहतो.

काटकोन तपासायच्या गुण्याचीच आधी परीक्षा घ्यावी. सरळ कडेवर टेकवून रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. रेघा फाकल्या तर दिसते ती चुकीची दुप्पट असते. मायटर गेजसाठी (मायटर खाचेत सरकणाऱ्या, लाकूड ठरावीक कोनात धरणाऱ्या आधारासाठी) पाच कापांची पद्धत सर्वांत विश्वसनीय आहे. फळीची नुकती कापलेली कड दर वेळी गेजला टेकवीत चारही बाजू कापतात आणि पाचव्या कापात पहिल्या बाजूची अरुंद पट्टी काढतात. पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीतील फरकात चूक चौपट होऊन येते. ४०० मिमी लांबीच्या पट्टीत ०.४ मिमी फरक आला तर प्रत्यक्ष चूक ४०० मिमीत ०.१ मिमी, म्हणजे सुमारे ०.०१४ अंश असते. व्हर्निअर कॅलिपरने एवढे सूक्ष्म माप घेता येते, हेच या पद्धतीचे बळ.

इतर यंत्रांपैकी सरफेस प्लेनरमध्ये (फळीचे पृष्ठ सपाट करणाऱ्या रंधा यंत्रात) मागचे टेबल पात्यांच्या सर्वोच्च बिंदूशी समपातळीत असावे लागते. ते खाली असेल तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, वर असेल तर फळी निमुळती होत जाते. सरळ लाकडी पट्टी मागच्या टेबलावर ठेवून पाते हाताने फिरवावे. प्रत्येक पात्याने ती सारखीच, दोन-तीन मिमी पुढे ढकलली तर पाती जुळली. थिकनेसरमध्ये (फळीची जाडी सारखी करणाऱ्या यंत्रात) टेबल व कटर-ब्लॉक (पाती बसविलेला फिरता दांडा) समांतर असणे पुरते. पट्टा करवतीत दोन्ही चाके एका पातळीत आणि मार्गदर्शक कागदाच्या जाडीइतके दूर ठेवतात. ड्रिलच्या चकमध्ये वाकविलेली तार धरून ती टेबलावर फिरविली की काटकोन कळतो.

अलीकडे पॅटर्नचे बरेचसे काम संगणकनियंत्रित यंत्रांवर, रेझिनच्या ठोकळ्यांत किंवा ॲल्युमिनियममध्ये होऊ लागले आहे. लाकडी पॅटर्न मुख्यत्वे मोठ्या व थोड्या नगांच्या ओतकामाला उरले आहेत.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकडी फेन्स व मायटर गेजला लावलेली लाकडी पट्टी ओल धरून फुगते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात त्यांची तपासणी अधिक वेळा करावी लागते. बिडाचे टेबल फुगत नाही, पण एका रात्रीत गंजते. त्यावर मेणाचा पातळ हात देऊन तो पुसून घेतात. सिलिकॉन असलेले फवारे टाळतात, कारण ते लाकडाला लागले की त्यावर पॉलिश नीट धरत नाही.