हात बसतो, मग मन बसतं

बरीच वर्षं एकाच प्रकारच्या संगणकावर काम केल्यावर मला कामासाठी दुसऱ्या प्रकारचा संगणक घ्यावा लागला. कॉपी करायला माझी डावी करंगळी कीबोर्डच्या कोपऱ्यात जायची. नव्या यंत्रावर ते काम स्पेसबारशेजारच्या कीचं होतं, म्हणजे अंगठ्याचं. हे मला पहिल्या पाच मिनिटांत समजलं. तरी दिवसभर करंगळी कोपऱ्यातच जात राहिली. विंडो बंद करायला माउस उजवीकडे पळायचा आणि बटण असायचं डावीकडे. यंत्राचा काही दोष नव्हता. पण संध्याकाळी मला रडू यायच्या बेतात होतं, कारण वर्षानुवर्षं सफाईनं करत आलेलं काम मला एका दिवसात येईनासं झालं होतं.

विंडोज की मॅक की लिनक्स (ही सगळ्यांना खुली, हवी तशी बदलता येणारी सिस्टीम), अँड्रॉइड की आयफोन, हे वाद इतक्या जिवावर उदार होऊन का केले जातात, या प्रश्नाचं उत्तर मला त्या करंगळीपासून शोधावंसं वाटतं. ईमॅक्स आणि व्हीआय हे प्रोग्रॅमरांचे दोन टेक्स्ट एडिटर. दोघांचाही जन्म १९७६ च्या सुमाराचा, आणि त्यांच्या भक्तांमधला वाद अजून मिटलेला नाही. शेवटी दोन्हींत मजकूरच लिहायचा असतो. तरीही माणसं एकमेकांना वेड्यात काढतात.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी शंभर जणांना टाइप करायला लावलं. सरासरी वेग होता मिनिटाला ७२ शब्द आणि अचूकता ९४ टक्के. मग त्यांच्यापुढे कोऱ्या कीबोर्डचं चित्र ठेवलं आणि कुठलं अक्षर कुठे आहे ते भरायला सांगितलं. २६ पैकी सरासरी १५ अक्षरंच बरोबर जागी पडली. जी बोटं न चुकता त्या अक्षरावर पडत होती, त्यांच्या मालकाला ते अक्षर कुठे आहे हे सांगता येत नव्हतं.

आपण याला ‘हात बसणं’ म्हणतो, आणि ते अगदी नेमकं वर्णन आहे. सायकल चालवणं, पोहणं, टाइप करणं ही कौशल्यं मेंदूत तारखा किंवा पाढ्यांसारखी साठवली जात नाहीत. सरावानं ती मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांच्या आणि लहान मेंदूच्या आधारानं पक्की होत जातात. तिथे साठलेलं ज्ञान शब्दांत सांगता येत नाही. म्हणूनच ‘तुला हीच सिस्टीम का आवडते?’ असं कुणी विचारलं की आपण बोटांनी दिलेलं खरं कारण सांगूच शकत नाही. मग सुरक्षितता, वेग, देखणेपणा, स्वातंत्र्य अशी कारणं पुढे येतात. ती खोटी असतात असं नाही. पण माझ्या मते माया आधी जडते आणि ही कारणं नंतर गोळा होतात.

‘सोपं’ आणि ‘सहज’ हे शब्दही असेच फसवे. २०११ साली ॲपलनं मॅकवर स्क्रोल करण्याची दिशा उलटी केली आणि तिला ‘नैसर्गिक’ असं नाव दिलं. माउसचं चाक वर्षानुवर्षं एका दिशेनं फिरवलेल्यांना त्यात नैसर्गिक असं काहीच दिसेना. काही दिवस नेटानं वापरलं की मात्र जुनीच दिशा उलटी वाटू लागते.

हात बसायला कष्ट पडतात, आणि कष्टांनी वस्तूचं मोल वाढतं. नॉर्टन, मोशॉन आणि अरिएली या तीन संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात नवख्या लोकांनी कागदाचे पक्षी आणि बेडूक घडवले. इतरांच्या लेखी ते चुरगळलेले कागद होते. घडवणाऱ्यांनी मात्र आपल्या वेड्यावाकड्या बेडकाला जवळजवळ तज्ज्ञानं केलेल्या बेडकाइतकी किंमत लावली. लिनक्स वापरणाऱ्यांचा जीव त्यात इतका का गुंतलेला असतो, हे मला या प्रयोगानं उमगलं. ज्यानं रात्र जागून वाय-फाय चालू केलं, एकेक ओळ बदलत डेस्कटॉप मनासारखा करून घेतला, त्याचा तो संगणक त्याच्या हातचा बेडूक असतो.

त्यात निवड स्वतः केलेली असेल तर आणखी एक गोष्ट घडते. १९५६ साली मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले, मग साधारण सारखी आवडलेली दोन समोर ठेवून त्यांतलं एक घेऊन जायला सांगितलं. नंतर पुन्हा गुण विचारले तेव्हा निवडलेलं उपकरण वर चढलं होतं आणि सोडलेलं खाली उतरलं होतं. उपकरणं तीच होती.

विकत घेतलेली ॲप्स, साठवलेले फोटो, मित्रमंडळी ज्यावर आहेत तो फोन, यांमुळेही माणूस एका जागी अडकतो, आणि अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. पण त्यातून माणूस तिथे का राहतो एवढंच कळतं. जीव का लावतो, ते नाही.

जीव लावण्यात ‘आपली माणसं’ येतात. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये केलेले प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवून त्यांची संख्या विचारली, आणि मग ‘जास्त सांगणारे’ व ‘कमी सांगणारे’ असे दोन गट केले. खरं तर वाटणी कशीही केलेली होती. नंतर प्रत्येकानं इतर दोन मुलांना, ज्यांचा फक्त क्रमांक आणि गट त्याला ठाऊक होता, पैशांत बदलून मिळणारे गुण वाटायचे होते. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. पुढच्या प्रयोगात गट दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडली यावरून पाडल्याचं सांगितलं. त्यातल्या एका तक्त्यात पर्याय असे होते: एका टोकाला आपल्या गटाच्या मुलाला १९ आणि दुसऱ्याला २५, मध्ये दोघांना १३-१३, दुसऱ्या टोकाला आपल्या गटाच्या मुलाला ७ आणि दुसऱ्याला फक्त १. आपल्या गटातल्या मुलाचं भलं करायचं तर १९ द्यायला हवेत. मुलांचा कल मात्र आपल्या गटाचं नुकसान सोसूनही दुसऱ्यापेक्षा पुढे राहण्याकडे होता. ठिपक्यांवरून नि चित्रांवरून पडलेली, तासाभराचंही वय नसलेली ही गटबाजी. ज्या यंत्रावर माणूस रोजचे आठ तास घालवतो, त्यावरून पडलेल्या गटाचं बळ किती असेल!

आणि गट एकदा ‘मी’मध्ये मुरला की टीका थेट माणसाला लागते. चेंग, व्हाइट आणि चॅप्लिन यांनी २०१२ मध्ये दाखवलं की एखाद्या ब्रँडशी ज्यांचं घट्ट नातं असतं, त्यांनी त्याबद्दल वाईट वाचलं तर त्यांचा स्वतःबद्दलचा आदर खाली येतो. ब्रँडला दिलेले गुण मात्र ते कमी करत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला माझी ती संध्याकाळ आठवली. म्हणून ‘तुझ्या फोनमध्ये अमुक नाही’ असं कुणाला पुराव्यानिशी पटवायला जाणं व्यर्थ असतं. समोरच्याला त्यात फोनचं नाव ऐकूच येत नाही.

ॲपलचा न्यूटन हा हातात मावणारा, पेननं लिहायचा संगणक १९९३ साली आला आणि १९९८ मध्ये कंपनीनं तो बंद केला. त्याच्या भक्तांनी तो सोडला नाही. ते त्यासाठी प्रोग्रॅम लिहीत राहिले, जुनी यंत्रं दुरुस्त करत राहिले. पण त्यात एक खोट दडलेली होती. न्यूटनच्या प्रोग्रॅमांमध्ये वेळ १ जानेवारी १९९३ पासूनच्या सेकंदांत मोजला जाई, आणि त्या आकड्याला जागा होती ५३ कोटी ६८ लाख ७० हजार ९११ पर्यंतच. ती मर्यादा ५ जानेवारी २०१० रोजी संपणार होती. त्यानंतर तारखा कोलमडल्या असत्या. कंपनीनं हात काढून घेतल्याला तोवर जवळपास बारा वर्षं झाली होती, विचारायला कुणी नव्हतं. दुरुस्ती वापरणाऱ्यांनीच लिहिली आणि एकमेकांना वाटली.