जुनी ट्रिक सोडणं मेंदूला इतकं जड का जातं?

तीन भांडी आहेत, एकात २१ माप पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३, आणि बरोबर १०० माप पाणी काढायचंय. करून बघा. १२७ चं भरायचं, त्यातून एकदा २१ काढायचं आणि दोनदा ३, झालं. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना याच ट्रिकने सुटणारी गणितं एकामागून एक दिली आणि मग दिलं २३, ४९, ३, काढायचे २०. आता यात २३ मधून ३ काढले की संपलं ना, पण बहुतेक लोक ४९ चं भांडं भरून तीच लांबलचक ट्रिक करत बसले, आणि ज्यांनी आधीची गणितं केलीच नव्हती त्यांना मात्र सोपा रस्ता लगेच दिसला.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण माणसांशी वागतानाही आपण हेच करतो. पोरगा सात वर्षांचा असताना आवाज चढवला की अभ्यासाला बसायचा, आता पंधराचा झाला, दार लावून घेतो, तरी आपण आवाजच चढवतो, फक्त आणखी जोरात. लुचिन्सने काही जणांना मधेच "आंधळेपणाने करू नका" असं कागदावर लिहायला लावलं, तेवढ्यानेही बऱ्याच जणांना सोपा रस्ता दिसायला लागला. म्हणजे क्षणभर थांबणं हे खरंच कामाचं आहे बरं का.

हे थांबण्याचं काम मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. ब्रेंडा मिलनर यांनी १९६३ मध्ये दाखवलं की ऑपरेशनमध्ये त्या भागाचा काही हिस्सा काढलेले पेशंट पत्ते रंगाप्रमाणे लावायला शिकतात, पण नियम गुपचूप बदलला की "चूक, चूक" ऐकूनही रंगच धरून बसतात.

आणि धडधाकट मेंदूलाही स्ट्रेस आला की तसंच होतं. जर्मनीत श्वाबे आणि वोल्फ यांच्या २००९ च्या प्रयोगात बर्फाच्या पाण्यात हात बुडवून स्ट्रेस दिलेली माणसं, जे खाऊन पोट भरलं होतं तेच मिळवून देणारं बटण सवयीने निवडत राहिली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर, लाईट गेलेली, कूलर बंद, अशा वेळी घरात पैशाचा किंवा लग्नाचा विषय काढूच नये, संध्याकाळी बोलावं.

याच्या उलट, माणूस बदलला की बोलण्याची ट्रिकही बदलणं, म्हणजे बोलण्यातली लवचिकता बघायची तर नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जा. एकच दुकानदार एकाला "क्या होना भाऊ" म्हणतो, दुसरीला "या ताई, काय दाखवू", आणि गावाकडून आलेल्या काकांना "काय पायजे बाप्पा", तेही मधे श्वास न घेता. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात याचाच सिद्धांत मांडला, की समोरच्याच्या बोलण्याकडे आपलं बोलणं झुकवलं तर सहसा जवळीक वाटते, आणि मुद्दाम वेगळं ठेवलं तर अंतर. पण झुकणं अंदाजाने केलं तर फसतं. म्हातारं माणूस दिसलं की मोठ्याने, तुटक, लाडे लाडे बोलणारे किती तरी आहेत, आणि बऱ्याच ज्येष्ठांना तो अपमान वाटतो हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. आजींना नीट ऐकू येतंय का, हे आधी त्यांच्या उत्तरावरून तर बघा.