क्रॉस-ॲडमिट

एकाच वर्षी दोन किंवा अधिक नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळालेला विद्यार्थी. ही संज्ञा अमेरिकेतील पदवी प्रवेशांत रूढ आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या विद्यापीठांचे नियमित फेरीचे निकाल साधारण मार्चअखेर लागतात आणि होकार कळवण्याची मुदत परंपरेने १ मे असते. या महिन्याभरात निवडीचा अधिकार विद्यार्थ्याच्या हाती येतो. विद्यापीठे त्याला कॅम्पसवर बोलावतात (येलचे ‘बुलडॉग डेज’, हार्वर्डचे ‘व्हिसिटास’), वसतिगृहात मुक्काम आणि वर्गात बसण्याची सोय करतात.

मात्र बऱ्याच घरांत निर्णय ठरतो तो आर्थिक साहाय्याच्या पत्रावरून. आयव्ही लीगमधील (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातील) विद्यापीठे गुणवत्ता किंवा खेळ यांसाठी शिष्यवृत्ती देत नाहीत; मदत कुटुंबाच्या गरजेनुसार मिळते. तरीही त्याच कुटुंबाची ऐपत दोन ठिकाणी वेगळी निघू शकते, कारण राहत्या घराची किंमत, छोटा व्यवसाय किंवा विभक्त पालकाचे उत्पन्न धरण्याचे नियम सारखे नसतात. म्हणून पत्रातील एकूण रकमेवर भुलू नये. तीत अनुदान किती, कर्ज किती आणि विद्यार्थ्याने काम करून मिळवायचे किती, हे वेगळे काढल्यावरच खरा खर्च कळतो. एका विद्यापीठाचे पत्र दुसऱ्याला दाखवून फेरविचार मागता येतो, आणि संकोच न करता तो मागावा. पूर्वी आयव्ही विद्यापीठे व एमआयटी एकत्र बसून अशा विद्यार्थ्यांना द्यायची मदत जुळवून घेत, त्यामुळे तुलनेला वावच नसे. न्याय खात्याच्या खटल्यानंतर १९९१ मध्ये आयव्ही विद्यापीठांनी ही प्रथा सोडली.

एव्हरी, ग्लिकमन, हॉक्सबी व मेट्रिक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३,२४० हुशार विद्यार्थ्यांच्या निवडी बुद्धिबळातील डावांसारख्या मोजल्या: विद्यार्थ्याने निवडलेले विद्यापीठ जिंकले, नाकारलेले हरले. त्या क्रमवारीत हार्वर्ड पहिले आले. पण लोकप्रियता म्हणजे लाभ नव्हे. डेल व क्रूगर यांच्या २००२ मधील अभ्यासात, अधिक चुरशीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेल्यांची पुढील कमाई सरासरीने कमी आढळली नाही. गरीब घरांतील विद्यार्थ्यांना मात्र अशा महाविद्यालयाचा फायदा झालेला दिसला.

‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे वचन देऊन एकाच विद्यापीठाकडे लवकर, अर्ज करणारा निकालाआधीच बांधला जातो. मदतीची पत्रे शेजारी ठेवून पाहण्याची संधी त्याला मिळत नाही, आणि ज्याला पैशांचा विचार करावाच लागतो त्याचे यात सर्वाधिक नुकसान होते.