जंगलाच्या मातीला चुना आणि राख: पार्श्वभूमी

जंगलाची माती आम्ल होण्याचं खापर सहसा आम्ल पावसावर फुटतं. मध्य युरोपात मात्र ही घसरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जंगलातला पालापाचोळा ओढून गोठ्यात अंथरायला नेत आणि त्याच्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियमही बाहेर जाई. पुढे पानझडी झाडांच्या जागी स्प्रूस-पाइनची सलग लागवड झाली. त्यांच्या सुयांचा (सुईसारख्या पानांचा) थर लवकर कुजत नाही, आणि त्यातून आम्लता वाढते. तिथे वनखात्यांनी सुरुवातीला चुना टाकून पाहिला तो हा थर कुजावा नि झाडांनी जोम धरावा म्हणून.

रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५२ साली मँचेस्टरच्या पावसातल्या गंधकाम्लाबद्दल लिहिलं, १८७२च्या पुस्तकात ‘आम्ल पाऊस’ हे नावही वापरलं, पण पुढे जवळजवळ शतकभर ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये स्वीडिश मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी परदेशी धुराड्यांतलं गंधक स्कँडिनेव्हियात येऊन पडतंय हे मांडलं, तेव्हा कुठे वादाला तोंड फुटलं.

मातीत नेमकं काय होतं, याचा उलगडा जर्मनीत सोलिंगच्या जंगलात काम करणाऱ्या बर्नहार्ड उलरिच यांनी केला. पावसातलं सल्फेट खाली झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन जातं. हा साठा आटला आणि सामू (pH, जितका कमी तितकी माती आम्ल) सुमारे ४.२च्या खाली गेला, की चिकणमातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून बारीक मुळांना जाळतं. मॅग्नेशियम कमी पडलेला स्प्रूस पाहिला की गोष्ट लगेच कळते: यंदाच्या सुया हिरव्यागार, जुन्या मात्र उन्हाकडच्या बाजूने पिवळ्या. १९८०च्या दशकात जर्मनीत ‘जंगलं मरणार’ अशी ओरड झाली. ते भाकीत त्या प्रमाणात खरं ठरलं नाही, पण मातीचं निदान मात्र चुकलं नव्हतं.

तेव्हापासून चुना औषध म्हणून जाऊ लागला, तोही बहुधा डोलोमाइट हा चुनखडीसारखा खडक दळून, कारण त्यात मॅग्नेशियम असतं. जर्मनीत हेक्टरी साधारण तीन टन भुकटी हेलिकॉप्टरने टाकतात. तिचा असर आधी वरच्या थरात दिसतो, खोलवर पोचायला दशकं लागतात. शिवाय थर झपाट्याने कुजला तर नायट्रेट झऱ्यांत उतरतं. अमेरिकेत हबर्ड ब्रुक या प्रायोगिक जंगलात १९९९ साली एका पाणलोटावर चुन्याऐवजी कॅल्शियम सिलिकेट टाकलं. शुगर मॅपलची झाडं सावरली, पण काही वर्षांनी ओढ्यात नायट्रेट वाढलं. म्हणून सरसकट चुना टाकणं मला पटत नाही.

१९८०नंतर युरोपातलं गंधकाचं उत्सर्जन ८० टक्क्यांहून अधिक घटलं. माती तेवढ्या वेगाने भरून आली नाही. त्यात इंधनासाठी फांद्या-शेंडेही उचलले जाऊ लागले, म्हणजे जुन्या पालापाचोळ्याचाच प्रकार. लाकडाच्या राखेचा विचार इथून पुढे आला: जे नेलं ते परत द्या. फिनलंडमध्ये दलदलीच्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीवर राखेचे प्रयोग त्याआधीच, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाले होते. पीटमध्ये नायट्रोजन असतो, राखेत तो नसतो (जळतानाच उडून जातो). त्यामुळे तिथे झाडं जोरात वाढली, पण नायट्रोजनची वानवा असलेल्या, पीट नसलेल्या खनिज मातीवर वाढीत फारसा फरक पडत नाही. ताजी राख शेवाळ जाळते. म्हणून स्वीडनमध्ये ती पाण्याने घट्ट होऊ देतात, मग फोडून पसरतात, आणि त्याआधी तिच्यातलं कॅडमियम (विषारी धातू) तपासतात.