पार्क जी-सुंग

पार्क जी-सुंग (जन्म 1981) हा दक्षिण कोरियाचा निवृत्त फुटबॉलपटू. मध्यरक्षक म्हणून त्याची सगळी व्यावसायिक कारकीर्द जपान, नेदरलँड्स आणि इंग्लंडमध्ये झाली; मायदेशातल्या एकाही क्लबकडून तो व्यावसायिक लीग खेळला नाही. युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळलेला पहिला आशियाई, अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती खरी आहे, पण तिच्यातून त्याचा खेळ कळत नाही. चेंडू पायात नसताना कुठे धावायचे, कोणाची वाट अडवायची, यात तो वाकबगार होता आणि गोलफलकावर या कामाची नोंद होत नाही.

तो सुवॉन शहरात वाढला. लहानपणी चणीने इतका किरकोळ, की अंगाने भरावा म्हणून घरच्यांनी त्याला बेडकांचा रस पाजला, ही गोष्ट कोरियात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा संपल्यावर कोरियन क्लबांनी त्याला घेतले नाही. म्योंगजी विद्यापीठात खेळत असताना 2000 साली जपानच्या क्योतो पर्पल सांगा क्लबने त्याला करारबद्ध केले. तो संघ त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि पुढच्या वर्षी ती श्रेणी जिंकून वर आला. 1 जानेवारी 2003 रोजी झालेल्या जपानच्या सम्राट चषकाच्या अंतिम सामन्यात काशिमा अँटलर्सविरुद्ध पार्कने बरोबरीचा गोल केला आणि क्योतोने सामना 2-1 असा जिंकला.

दरम्यान 2002 चा विश्वचषक होऊन गेला होता. इंचॉनमध्ये पोर्तुगालविरुद्ध त्याने केलेला गोल आजही पाहण्यासारखा आहे: चेंडू छातीवर घेतला, उजव्या पायाने बचावपटूच्या डोक्यावरून उचलला आणि जमिनीवर पडण्याआधीच डाव्या पायाने गोलरक्षकाच्या पायांमधून आत मारला. मग धावत जाऊन तो प्रशिक्षक गूस हिडिंक यांच्या मिठीत शिरला. कोरियाने शेवटच्या सोळा संघांत स्थान मिळवल्यामुळे सरकारने त्या संघातल्या खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट दिली. ती मिळाली नसती, तर ऐन उमेदीत त्याची सुमारे दोन वर्षे सैन्यात गेली असती.

2003 मध्ये हिडिंक यांनी त्याला आइंडहोवनच्या पीएसव्ही क्लबमध्ये नेले. सुरुवात वाईट झाली. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, खेळ जमेना आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. हिडिंक यांनी मग त्याला काही काळ फक्त बाहेरच्या मैदानांवर खेळवले. 2004 मध्ये पीएसव्हीचा आर्यन रॉबेन चेल्सीला गेला आणि पार्कला संघात मोकळी जागा मिळाली. मे 2005 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत त्याने एसी मिलानविरुद्ध नवव्या मिनिटाला गोल केला. पीएसव्हीने तो सामना 3-1 असा जिंकला, पण दोन्ही सामन्यांतले एकूण गोल सारखे झाले आणि अशा वेळी परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई, या तेव्हाच्या नियमामुळे अंतिम फेरी हुकली.

त्याच उन्हाळ्यात तो मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाला. सात हंगामांत 205 सामने, 27 गोल आणि चार प्रीमियर लीग विजेतेपदे एवढा त्याचा हिशोब. युनायटेडचे प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन त्याला मोठ्या सामन्यांसाठी राखून ठेवत. 2010 मध्ये मिलानविरुद्ध त्याला एकच काम होते: मिलानचा खेळ रचणाऱ्या आंद्रेआ पिर्लोला मान वर करू द्यायची नाही. युनायटेडने दोन सामन्यांत मिळून 7-2 असा विजय मिळवला. अशा खेळाडूला चॅम्पियन्स लीगच्या 2008 च्या मॉस्कोतील अंतिम सामन्यासाठी राखीव खेळाडूंतही जागा मिळाली नाही. बार्सिलोनाविरुद्धची उपांत्य फेरी त्याने गाजवली होती, त्यामुळे हा निर्णय आजही खटकतो. 2009 आणि 2011 चे अंतिम सामने तो सुरुवातीपासून खेळला. दोन्ही वेळा बार्सिलोना जिंकली.

राष्ट्रीय संघाकडून त्याने 100 सामन्यांत 13 गोल केले. 2002, 2006 आणि 2010 या तिन्ही विश्वचषकांत त्याचा गोल आहे. जानेवारी 2011 मध्ये कतारमधील आशियाई चषकात त्याच्या नेतृत्वाखालच्या संघाने भारताला 4-1 असे हरवले. ही त्याची शेवटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरली. पुढे क्वीन्स पार्क रेंजर्स या लंडनच्या क्लबमध्ये एक फसलेला हंगाम आणि पीएसव्हीकडे लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, एक वर्ष खेळून मे 2014 मध्ये गुडघ्यामुळे तो निवृत्त झाला.

युनायटेडच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर रचलेल्या गाण्यात कोरियन लोक कुत्रे खातात, असा टोमणा होता. परक्या देशात आपल्या नावाचे गाणे ऐकून सुरुवातीला अभिमान वाटला, पण ते शब्द बोचत होते आणि तेही निमूट स्वीकारायचे असते असे आपण धरून चाललो, हे त्याने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितले. त्याच वर्षी कोरियन खेळाडू ह्वांग ही-चान वुल्व्हरहॅम्प्टन या इंग्लिश क्लबमध्ये आला, त्या दिवशी तिथे सामन्याला आलेल्या युनायटेडच्या पाठीराख्यांनी तेच गाणे म्हटले होते. नव्या कोरियन खेळाडूंना हे ऐकावे लागू नये म्हणून पार्कने ते थांबवण्याची विनंती केली आणि क्लबनेही तिला पाठिंबा दिला.