फेलरचा चेंडू मोजला कुठे?

20 ऑगस्ट 1946. वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये सामन्याआधी होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथे, एक चौकट आणून ठेवली होती. अमेरिकी लष्कराचं हे यंत्र एरवी तोफगोळ्यांचा वेग मोजायचं. त्या दिवशी त्यातून बेसबॉल जाणार होता. टाकणार होता क्लीव्हलँडचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, बॉब फेलर. वॉशिंग्टन संघाच्या मालकांनी त्याला न विचारताच या मोजणीची जाहिरात करून टाकली होती. फेलरने आधी पैसे कबूल करून घेतले, मगच चेंडू हातात घेतला. बरोबरच केलं!

यंत्राची युक्ती साधी होती. थोड्या अंतरावर प्रकाशाचे दोन पडदे. चेंडू पहिल्यातून गेला की सावली पडते आणि वेळ सुरू होते, दुसऱ्यातून गेला की थांबते. अंतर भागिले वेळ, म्हणजे वेग. आकडा आला ताशी 98.6 मैल, सुमारे 159 किलोमीटर. (घरच्या थर्मामीटरवर 98.6 म्हणजे ताप नाही. इथे मात्र बॅटरला घाम फुटायचा.)

तोफांशी फेलरची जुनी ओळख होती. आयोवातल्या व्हॅन मीटर गावचा हा शेतकऱ्याचा पोरगा. वडिलांनी शेतातच मैदान करून दिलेलं. 1936 मध्ये, सतराव्या वर्षी, तो थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, खेळला. 1941 च्या डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दोनच दिवसांत तो नौदलात भरती झाला. वडील आजारी असल्याने त्याला सूट मिळाली असती. त्याने ती घेतली नाही. 'अलाबामा' युद्धनौकेवर तो विमानभेदी तोफेच्या तुकडीचा प्रमुख होता. ऐन उमेदीतले जवळजवळ चार मोसम असे गेले.

आता खरी मेख. यंत्र प्लेटपाशी होतं, आणि तिथवर पोचेतो चेंडू दमलेला असतो. पिचर 18.44 मीटरवरून टाकतो. एवढ्या अंतरात हवेच्या रोधामुळे वेग साधारण आठ ते दहा टक्के उतरतो. मोठ्या वेगात हा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे जोरात फेकलेला चेंडू गमावतोही जास्त. आजचे आकडे मात्र चेंडू हातातून सुटतानाचे असतात. शोएब अख्तरचे 2003 च्या विश्वचषकातले 161.3 किलोमीटर तसेच, आणि 2010 मध्ये बेसबॉल पिचर अरोल्डिस चॅपमनने गाठलेले सुमारे 170 सुद्धा. फेलरचा आकडा त्याच जागी नेऊन ठेवला तर तो 172 ते 176 च्या घरात जातो. अर्थात हा हिशोब आहे, मोजमाप नव्हे.

शिवाय त्या दिवशी त्याचा हात ताजा नव्हता. 1946 च्या मोसमात त्याने 371 हून जास्त इनिंग्ज टाकल्या (बेसबॉलमध्ये तीन बॅटर बाद झाले की पिचरची एक इनिंग), 36 सामने एकट्याच्या बळावर शेवटपर्यंत नेले, 348 स्ट्राइकआउट केले, म्हणजे तेवढे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद केले. आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत त्यातलं बरंचसं टाकून झालं होतं.