किनाऱ्याच्या बोटीवरचे पहिले चार दिवस : बर्गनहून उत्तरेकडे निघणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी

नॉर्वेच्या किनारी बोटीचं तिकीट काढायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठी क्रूझ असते : पोहण्याचा तलाव, कॅसिनो, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम. यातलं जवळजवळ काहीच या बोटीवर नाही. पैसे घेण्याआधी आम्ही हे तोंडी सांगतो. तरी पहिल्या संध्याकाळी "एवढीच का बोट?" असा फोन येतोच, म्हणून हा कागद. तो मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

ही बोट म्हणजे नॉर्वेच्या किनाऱ्याची एसटी. बर्गन ते शिर्केनेस आणि परत बर्गन, एकूण बारा दिवस. वाटेत ३४ बंदरं. पोटात माल, वर प्रवासी. त्यातले कित्येक जण शेजारच्या गावी उतरणारे असतात. ते केबिन घेत नाहीत, खुर्चीत बसून जातात. आमच्या वडीलधाऱ्या ग्राहकांना भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी-मालवणकडे सुटणारी कोकण बोट आठवते आणि त्यांना फार समजवावं लागत नाही. फरक एवढाच, की इथे पडावात उड्या मारायला लागत नाहीत. बोट थेट धक्क्याला लागते.

ही सेवा सुरू झाली १८९३ साली. त्याआधी त्रोंडहाइमहून हामरफेस्टला हिवाळ्यात पत्र पोचायला महिनेच्या महिने लागत. किनाऱ्यावर दीपस्तंभ थोडे, खडक असंख्य, अंधारात बोट हाकणं अशक्य असं सगळे म्हणत. कप्तान रिकार्ड विथ आणि त्याचा वाटाड्या आंडर्स होल्टे यांनी होकायंत्र, घड्याळ आणि वेग यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या : अमुक दिशेला इतकी मिनिटं, मग वळण. त्या वहीच्या जोरावर 'वेस्टरोलेन' ही बोट रात्रीही चालू लागली. बोट आजही घड्याळावरच चालते, आणि ही गोष्ट तुमच्या खिशाशी संबंधित आहे. कशी, ते पुढे.

पहिली संध्याकाळ

बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. छत्री वाऱ्याने उलटी होते, टोपीचा रेनकोट घ्या. बोटीत शिरताना मिळणारं कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, खर्चाचं खातं आणि तुमची हजेरी, तिन्ही एकात. उतरताना आणि चढताना ते दाखवायचंच. मग सुरक्षेची माहिती आणि लाइफ जॅकेट कुठे ते दाखवतात. चहा नंतर, आधी हे.

केबिन लहान असते. दोन मोठ्या सुटकेसी उघडायला जमीन उरत नाही. पुढच्या दोन दिवसांचे कपडे छोट्या पिशवीत वेगळे काढा आणि सुटकेसी पलंगाखाली सरकवा. आपल्या गोल दोन पिनांचा प्लग इथे बसतो, तीन पिनांचा नाही. घरची केटल आणि इस्त्री आगीच्या नियमामुळे चालत नाहीत. त्या आणू नका. जूनमध्ये रात्री अकराच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि तरी धड अंधार होत नाही. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी जवळ असू द्या. मध्यरात्री जमीन थरथरली आणि खाली लोखंड आपटल्याचा आवाज आला तर घाबरू नका. गाव आलं आहे, माल उतरतो आहे.

बोट लागते का?

हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून जरा सविस्तर. बोट बहुतेक वेळ बेटांच्या आडोशाने जाते आणि तिथे पाणी तळ्यासारखं असतं. उघडा समुद्र लागतो तो काही टप्प्यांवर. त्यातला पहिला, स्टाडचा, पहिल्याच रात्रीनंतर पहाटे येतो. मोलोय सोडलं की जमिनीचं एक टोक थेट समुद्रात घुसलेलं आहे आणि त्याला वळसा घालताना आडोसा नसतो. तिथल्या लाटांची धास्ती अशी, की डोंगर पोखरून जहाजांसाठी बोगदा काढायची योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहे.

म्हणून गोळी घ्यायची असेल तर ती पहिल्या रात्री झोपतानाच, आणि कोणती ते इथूनच निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. रात्रीचं जेवण हलकं ठेवा. पहाटे जाग आलीच तर पडून राहा किंवा मधल्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी जाऊन दूरच्या किनाऱ्याकडे बघा, मोबाइलकडे नको. आलेपाक बरोबर ठेवा. आमच्या अनुभवात बिस्किटांपेक्षा तो जास्त लवकर संपतो.

केबिन निवडताना खालच्या मजल्यावरची, मधली मागा. वरच्या मजल्यावरची पुढची केबिन दिसायला छान आणि महाग, पण डुलते तीच जास्त.

ओलेसुंड आणि घड्याळ

दुसऱ्या दिवशी ओलेसुंड. २३ जानेवारी १९०४ च्या पहाटे लागलेल्या आगीत हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं आणि दहा हजार माणसं उघड्यावर आली. पुढच्या तीन वर्षांत ते दगडविटांनी पुन्हा बांधलं, सगळं एकाच नक्षीदार शैलीत. म्हणून आज ते असं ठेवणीतल्या दागिन्यासारखं दिसतं. वेळ पुरेसा असेल तर अक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढा. गुडघे कुरकुरत असतील तर खालच्या गल्ल्याही तितक्याच सुंदर आहेत.

आता घड्याळ. प्रत्येक थांब्याची सुटायची वेळ दाराशी लिहिलेली असते. ती वेळ झाली की बोट सुटते. "माझी बायको दुकानात आहे" हे कुणी ऐकत नाही. चुकली तर पुढची बोट उद्या, याच सुमाराला; किंवा टॅक्सीने पुढचं बंदर गाठायचं, आणि नॉर्वेतली टॅक्सी म्हणजे काय ते बिल आल्यावर कळतं. काही बंदरांत थांबा पंधरा मिनिटांचाच असतो. तिथे उतरू नका, कठड्याशी उभे राहून बघा.

आणि रात्री हुकलेल्या गावांची हळहळ नको. जाताना रात्री लागलेली बंदरं परतीच्या वाटेवर बहुतेक दिवसा लागतात.

जेवण

शाकाहारी असाल तर आम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगा, बोटीवर गेल्यावर नाही. सकाळ-दुपारच्या बुफेत ब्रेड, सॅलड, बटाटे, अंडी भरपूर असतात. तपकिरी चीज चाखून बघा : निम्मं चीज, निम्मा पेढा. व्हिनेगरमधलं हेरिंग मात्र सगळ्यांनाच झेपत नाही. चिवडा, लोणचं, चहाच्या पुड्या न्या. बाटलीचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं.

तिसरा आणि चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी त्रोंडहाइमला काही तास मिळतात. निडारोस कॅथेड्रल धक्क्यापासून चालत अर्ध्या तासावर आहे. थेट तिकडे जा, खरेदी परत येताना. या दिवसापर्यंत "करायचं काय?" हा प्रश्न बहुधा संपलेला असतो. आमचे प्रवासी खिडकीशी खुर्ची धरून बसतात आणि जेवायला बोलवावं लागतं.

चौथ्या सकाळी ६६ अंश ३३ मिनिटांवर आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं. एका छोट्या खडकाळ बेटावर पृथ्वीगोल उभारलेला दिसेल, भोंगा वाजेल, मग डेकवर समुद्रदेव येऊन इच्छुकांच्या कॉलरमधून पाठीवर बर्फाचं पाणी ओतेल. सक्ती नाही. जाणार असाल तर जुना शर्ट घाला आणि मोबाइल दुसऱ्याकडे द्या.

त्याच संध्याकाळी बोडोनंतर वेस्टफियॉर्डचा उघडा टप्पा, म्हणजे गोळीची आठवण पुन्हा. पलीकडे लोफोटेनची डोंगररांग. फेब्रुवारी ते मे या काळात तिथल्या गावांत लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत घातलेला असतो, आपल्याकडे वर्सोव्याला बोंबील असतात तसा. वासही ओळखीचा येतो.